टियर ही मोजणी, बंदी हा निवाडा

मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या फेस्टमध्ये पोकेमॉनची स्पर्धा जाहीर झाली की नियमांचा कागद निघायच्या आधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, 'गेममध्ये आहे तर वापरणार, बंदी मागणारे रडके.' दुसऱ्या गटाच्या खिशात मागच्या पराभवानंतर तयार झालेली यादी असते: हा उडवा, तो उडवा, मग खेळू. ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. बंदी म्हणजे ताकदवान असण्याची शिक्षा, असं दोघंही धरून चालतात; एकाला ती अन्यायाची वाटते, दुसऱ्याला न्यायाची, एवढाच फरक. त्यात भर म्हणून टियरची, म्हणजे कोण किती वापरला जातो त्यावरून पाडलेल्या पोकेमॉनच्या गटांची, नावं गुणपत्रिकेसारखी वाचली जातात: वरच्या ओयूमधला पोकेमॉन हुशार, खालच्या पीयूमधला नापास. या पायावर वाद कितीही तास घातला तरी निष्पन्न काही होणार नाही. टियर ही निव्वळ मोजणी आहे आणि बंदी हा निवाडा आहे, हे आधी वेगळं करायला हवं. आणि निवाडा करताना ताकद किती हे विचारण्यापेक्षा, या गोष्टीमुळे दोन्ही खेळाडूंच्या हातात निर्णय किती उरतात, हे विचारायला हवं.

मोजणी कशी होते ते आधी पाहू, कारण बहुतेक वाद इथेच घसरतात. 2004 मध्ये सुरू झालेल्या स्मोगॉन या खेळाडूंच्या संकेतस्थळाच्या व्यवस्थेत ओयू (ओव्हरयूज्ड, म्हणजे सर्रास वापरले जाणारे), यूयू, आरयू, एनयू, पीयू अशी वरून खाली उतरंड आहे. ओयूमध्ये राहायला सध्या 4.52 टक्के वापर लागतो. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. पंधरा सामने खेळलात तर त्या पोकेमॉनशी निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता बरोबर निम्मी असावी, अशी अट घातली की तो निघतो: 0.9548 चा पंधरावा घात केला की उत्तर जवळपास 0.5 येतं. पूर्वी हीच अट वीस सामन्यांची होती, तेव्हा आकडा 3.41 टक्के होता. म्हणजे अट बदलली की एखादा पोकेमॉन स्वतःत काडीचाही बदल न होता ओयूमधून यूयूमध्ये उतरतो. आपल्याकडे 1948 पासून भर पावसात चालणाऱ्या कांगा लीगमध्येही ए ते जी असे विभाग आहेत, आणि तिथली चढउतार मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची. पण तिथे संघ खाली जातो तो हरल्यामुळे. इथे पोकेमॉन खाली जातो तो लोकांनी त्याला टीममध्ये घेतलं नाही म्हणून. पराभवाचा त्यात हिशेब नसतो. आणि ओयूमधला पोकेमॉन यूयूमध्ये चालत नाही, तो या मोजणीमुळे. तिथे कुणी त्याच्यावर आरोपपत्र दाखल केलेलं नसतं.

उबर्सचं, म्हणजे ओयूमधून बंदी घालून वर पाठवलेल्यांच्या गटाचं, तसं नाही. तिथे वापराच्या टक्केवारीने कुणी पोहोचत नाही, निवाड्याने पोहोचतो. हा फरक किती खरा आहे हे लँडोरस या पोकेमॉनच्या दोन रूपांवरून दिसतं. थेरियन रूप गेमच्या पाचव्या पिढीपासून (पिढी म्हणजे मालिकेतल्या गेम्सचा एक टप्पा) आठव्या पिढीपर्यंत ओयूमध्ये ठाण मांडून होतं, वापराच्या यादीत कायम वरच्या रांगेत. अर्थक्वेक, यू-टर्न, स्टेल्थ रॉक या मूव्ह (चाली), वर समोरच्याचा अटॅक उतरवणारी इंटिमिडेट ही अंगभूत क्षमता; कुठल्याही टीमला चिकटणारा. लोक वैतागले, पण बंदी आली नाही, आणि ते योग्यच झालं. समोर थेरियन आला की काय होऊ शकतं याचा अंदाज येतो, बर्फाच्या हल्ल्याने तो चौपट दुखावतो, पाण्याचे पोकेमॉन त्याच्यासमोर उभे राहतात. इनकार्नेट रूपाला मात्र त्याच ओयूमधून उबर्समध्ये पाठवलं गेलं. का? गणित करा. अर्थ पॉवरची मूळ ताकद 90. शीअर फोर्स या क्षमतेमुळे 1.3 पट, लाइफ ऑर्ब ही वस्तू दिल्यामुळे आणखी 1.3 पट, स्वतःच्या प्रकाराचा हल्ला म्हणून दीडपट. हिशेब 228 वर जातो. लाइफ ऑर्बची किंमत म्हणून दर हल्ल्याला एक दशांश एचपी (प्राणशक्ती) जायला हवा, पण शीअर फोर्सने वाढलेल्या हल्ल्यांवर ती कापणीच होत नाही. यावर उतारा म्हणून गवताचा पोकेमॉन आणावा तर स्लज वेव्ह, स्टीलचा आणावा तर फोकस ब्लास्ट, विषाचा आणावा तर सायकिक. आणि हे तिन्ही हल्लेही शीअर फोर्सने वाढणारे. एका पोकेमॉनला मिळणाऱ्या मूव्हच्या चार जागांत कुठले चार हल्ले आहेत हे कळेपर्यंत तुमचा एक पोकेमॉन गेलेला असतो. दोन रूपांपैकी लोकप्रिय ते राहिलं, आणि समोरच्याचं योग्य उत्तर नशिबावर सोपवणारं गेलं.

ताकद हा निकष किती फसवा आहे हे वॉबफेटइतकं कुणीच दाखवत नाही. अटॅक 33, स्पेशल अटॅक 33, आणि स्वतःहून मारता येईल असा एकही हल्ला नाही. तरीही तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत तो उबर्समध्ये. त्याच्या शॅडो टॅग या क्षमतेमुळे समोरचा पोकेमॉन बदलता येत नाही. एन्कोर टाकून तो तुम्हाला एकाच मूव्हमध्ये अडकवतो, काउंटर आणि मिरर कोटने तुमचाच घाव दुपटीने परत करतो, किंवा तुम्ही निरुपयोगी मूव्हमध्ये अडकलेले असताना आरामात बदलून आपला सर्वात धोकादायक गडी आणतो. पोकेमॉनच्या लढतीत निम्मी अक्कल पोकेमॉन कधी बदलायचा यात असते. तीच काढून घेतली की समोर बसलेला माणूस प्रेक्षक होतो. तिसऱ्या पिढीत तर याहून भन्नाट प्रकार होता: दोन वॉबफेट समोरासमोर आले, दोघांकडे लेफ्टओव्हर्स ही एचपी भरणारी वस्तू असली, तर कुणालाच बाहेर पडता येत नसे. मूव्ह संपून स्वतःलाही झळ देणारा नाइलाजाचा स्ट्रगल सुरू झाला तरी दर फेरीला मिळणारा सोळावा हिस्सा एचपी नुकसान भरून काढत राही, आणि सामना संपण्याचं नाव घेत नसे. चौथ्या पिढीत गेम बनवणाऱ्या कंपनीने शॅडो टॅग दुसऱ्या शॅडो टॅगवर चालणार नाही अशी दुरुस्ती केली आणि स्ट्रगलची स्वतःला बसणारी झळही वाढवली. बनवणाऱ्यांनाही तिथे काहीतरी मोडलंय हे दिसलं होतं.

'पण खेळात जे शक्य आहे ते करू नका म्हणणारे तुम्ही कोण?' हा प्रश्न पोकेमॉनपेक्षा बराच जुना आहे. 1771 मध्ये इंग्लंडमध्ये एक फलंदाज यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. नियमात बॅटच्या रुंदीबद्दल अक्षर नव्हतं, म्हणजे त्याने काहीच मोडलं नव्हतं. पुढे सव्वाचार इंचांची मर्यादा आली आणि ती आजही आहे. त्या फलंदाजाला रडका किंवा लबाड ठरवायची गरज कुणाला पडली नाही. अशी बॅट चालू दिली तर गोलंदाजाने विचार करण्यासारखं काही उरत नाही, एवढं पुरेसं होतं. दुसरं उदाहरण अधिक जवळचं. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन 1933 च्या डिसेंबरमध्ये भारतातली पहिली कसोटी खेळायला बॉम्बे जिमखान्यावर उतरला, तेव्हा आदल्या हंगामातल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली बॉडीलाइन ताजी होती. लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं, आणि चेंडू अंगावर. मार खा किंवा झेल द्या. ती गोलंदाजी वेगवान होती म्हणून आक्षेप नव्हता. वेगवान गोलंदाज आधीही होते, नंतरही आले. फलंदाजापुढे खेळण्याजोगा पर्याय ठेवला नव्हता हा आक्षेप होता. म्हणून नियमही वेगावर आला नाही. पुढे लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक, असा आला.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करू. पहिलं: घाईने घातलेली बंदी शोध मारते. नवा गेम आला की पहिल्या दोन आठवड्यांत जे अजिंक्य वाटतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर महिन्याभरात उतारा सापडतो. दुसरं: एक काढला की त्याने दाबून ठेवलेला दुसरा डोकं वर काढतो, मग त्याच्यावर बंदी, मग तिसऱ्यावर. ही घसरण कल्पनेतली नाही, जवळजवळ प्रत्येक पिढीत थोडीफार झाली आहे. तिसरं, आणि मला सर्वात टोचणारं: ठरवतं कोण? सस्पेक्ट टेस्टमध्ये, म्हणजे स्मोगॉनच्या बंदीवरच्या मतदानात, मत द्यायला आधी ठरावीक मुदतीत लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, ठरावीक गुणांकन गाठावं लागतं. म्हणजे चालू व्यवस्थेत जे आधीच पटाईत आहेत तेच त्या व्यवस्थेचं भवितव्य ठरवतात. नोकरी करून रात्री दोन सामने खेळणाऱ्या डोंबिवलीच्या माणसाला तिथे मत नाही.

यातल्या पहिल्या दोन आक्षेपांवर उतारा बंदीच्या पद्धतीतच आहे, बंदी टाळण्यात नाही. ओयूमध्ये बंदीला साठ टक्के मतं लागतात. साधं बहुमत चालत नाही, म्हणजे शंकेचा फायदा पोकेमॉनला. एका वेळी एकाच गोष्टीवर मतदान झालं तर साखळी कुठे सुरू होते ते दिसतं. आणि बंदी उठवताही येते, हे लोक विसरतात. झामाझेंटासारखा गेमच्या मुखपृष्ठावरचा लेजेंडरी (दुर्मीळ, दंतकथेतला) नवव्या पिढीच्या ओयूमध्ये आज खेळतो, तर 530 बेस स्टॅटचा (मूळ गुणांची बेरीज) ब्लेझिकेन, ज्याचं बालरूप टॉर्चिक तिसऱ्या पिढीत कुठलाही पोरगा खेळाच्या सुरुवातीलाच निवडू शकायचा, पाचव्या पिढीत दर फेरीला वेग वाढवणाऱ्या स्पीड बूस्टमुळे उबर्समध्ये गेला. नावाचा, मानाचा, दुर्मीळपणाचा तिथे संबंध नाही. तिसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. पटाईत लोकांचं मत घेतलं नाही तर ज्याला प्रश्न समजलेलाच नाही त्याचं मत मोजलं जातं. घेतलं तर हितसंबंध येतात. कारणं लेखी, सविस्तर आणि सर्वांना वाचता येतील अशी मांडायची, एवढाच मार्ग उरतो. कारण न देता घातलेली बंदी मी तरी मानणार नाही, ती बरोबर असली तरी.

'अधिकृत स्पर्धेत बंदी नसते' हा आणखी एक पाळीव युक्तिवाद. तो साफ खोटा आहे. व्हीजीसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या दुहेरी लढतींच्या अधिकृत स्पर्धांत, एकाच पोकेमॉनच्या दोन प्रती चालत नाहीत, एकच वस्तू दोघांना देता येत नाही, मिथिकल गटातले पोकेमॉन बाहेर असतात, आणि रिस्ट्रिक्टेड, म्हणजे सर्वात बलाढ्य, लेजेंडरींची संख्या नियमावलीनुसार शून्य, एक किंवा दोन अशी बदलते. 2024 च्या जागतिक स्पर्धेत एक, 2025 मध्ये दोन. याला बंदी म्हणायचं नसेल तर दुसरं नाव शोधा. उलट कंपनीच्या हातातलं दुसरं शस्त्र, म्हणजे मूव्हच बदलणं, फार उशिरा चालतं. स्मिअर्गल या पोकेमॉनच्या डार्क व्हॉइड या झोपवणाऱ्या मूव्हचं घ्या. दुहेरी लढतीत समोरच्या दोघांवर एकदम, अचूकता 80 टक्के. दोघंही एकाच फेरीत झोपण्याची शक्यता 64 टक्के. झोपलेल्या खेळाडूकडे निर्णय कुठला? 2016 च्या नोव्हेंबरमध्ये नवी पिढी आली तेव्हा अचूकता 50 वर आणली गेली आणि ही मूव्ह डार्कराय सोडून कुणाला चालेनाशी केली. तोवर लोक ते सोसत खेळले.

मग पाचिरिसूचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2014 साली वॉशिंग्टनमध्ये कोरियाच्या से जून पार्कने त्या खारूताईला घेऊन जगज्जेतेपद मिळवलं, आणि तेव्हापासून 'सगळे पोकेमॉन चांगले, खेळणारा हवा' हे वाक्य बंदीच्या प्रत्येक चर्चेत फेकलं जातं. त्या टीममधले उरलेले पाच कोण होते ते सांगताना सगळे गप्प: मेगा गाराडोस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर, गॉथिटेल. पाचिरिसूचं काम फॉलो मीने घाव स्वतःवर ओढून घेण्याचं, आणि वोल्ट ॲब्सॉर्बमुळे गाराडोसवर येणारी वीज पिऊन टाकण्याचं. ही अचूक निवड होती, समतेचा पुरावा नव्हे. पार्कला ती निवड करता आली याचं कारणच हे की त्या मैदानात निर्णयाला जागा शिल्लक होती.

आता जिथे बंदीच्या बाजूचे लोकही गोंधळ घालतात तिकडे वळू: बंदी नेमकी कशावर? गारचॉम्पची गोष्ट इथे फार शिकवते. चौथ्या पिढीत तो अख्खा उबर्समध्ये पाठवला गेला. ताकद तर होतीच, पण त्याच्या सँड व्हेलमुळे वाळूच्या वादळात शंभर टक्के अचूकतेचा हल्लाही पाचात एकदा चुकायचा. बर्फाचा नेमका हल्ला लावला, हिशेब बरोबर केला, आणि फासा उलटा पडला. त्या एका हुकलेल्या फेरीत गारचॉम्प स्वोर्ड्स डान्सने अटॅक दुप्पट करून सामना संपवायचा. पाचव्या पिढीत पुन्हा तोच वाद झाला आणि शेवटी बंदी सँड व्हेल या क्षमतेवर गेली. रफ स्किन या दुसऱ्या क्षमतेचा गारचॉम्प ओयूमध्ये राहिला आणि खेळ बिघडला नाही. हाउंडस्टोनचंही तसंच. लास्ट रिस्पेक्ट्स ही मूव्ह 50 ताकदीपासून सुरू होते आणि तुमचा एकेक पोकेमॉन पडला की 50 ने वाढते. पाच पडले की 300. ती मूव्ह एकाच पोकेमॉनकडे होती तोवर पोकेमॉनवर बंदी ठीक होती. बास्क्युलेजिअनकडेही ती आली तेव्हा मूव्हवरच बंदी घालणं शहाणपणाचं ठरलं आणि हाउंडस्टोन मोकळा झाला. दोष जिथे आहे तिथेच कात्री चालवायची, हे सूत्र.

पण या सूत्राचा अतिरेकही होतो. पाचव्या पिढीत ड्रिझल या क्षमतेमुळे पाऊस कधी थांबतच नसे आणि पावसात चालणाऱ्या स्विफ्ट स्विम क्षमतेचे किंग्ड्रा, लुडिकोलो, कॅबुटॉप्स दुप्पट वेगाने दीडपट ताकदीचे पाण्याचे हल्ले करत सुटत. ड्रिझलही ठेवलं, स्विफ्ट स्विमही ठेवलं, फक्त दोन्ही एका टीममध्ये नकोत, असा नियम 2011 मध्ये झाला. त्याने काम भागलं, पण दार उघडलं: मग अमुक पोकेमॉन तमुक वस्तूशिवाय चालेल, तमुक मूव्ह अमुक क्षमतेशिवाय चालेल, अशा मागण्यांना अंत नाही. नियमाचा कागद नव्या खेळाडूला दोन मिनिटांत समजला नाही तर तो नियम वकिलांसाठी उरतो. म्हणून जोडीवरची बंदी शेवटचा उपाय असावी. इव्हेजनवर, म्हणजे हल्ले चुकवण्याची शक्यता वाढवण्यावर, मात्र सरसकट बंदीला पर्याय नाही. डबल टीम सहा वेळा लावली की शंभर टक्क्यांचा हल्ला तेहतीस टक्क्यांवर येतो. मिनिमाइझ एकदाच लावली की साठवर. डबल टीम तर सातव्या पिढीपर्यंत जवळजवळ कुठलाही पोकेमॉन शिकू शकत असे, उतारे मोजकेच, आणि निकाल कौशल्यापासून तुटतो.

स्टॉल टीमबद्दल, म्हणजे बचाव करत सामना लांबवणाऱ्या टीमबद्दल, एक वाक्य: कंटाळवाणं असणं हा गुन्हा नाही. समोरचा सत्तर फेऱ्या विचार करून तुम्हाला हरवत असेल तर तुमच्याकडेही सत्तर निर्णय होते.

आणि एका मैदानाचा निवाडा दुसऱ्यावर लादू नका. पोकेमॉनला राक्षसी आकार देणारं डायनामॅक्स सिंगल्सच्या (एकास एक लढतींच्या) ओयूमधून डिसेंबर 2019 मध्ये गेलं, कारण सहापैकी कोण, कधी फुगणार याला एकट्या पोकेमॉनने उत्तर देता येत नव्हतं: तीन फेऱ्या, दुप्पट एचपी, वर मॅक्स एअरस्ट्रीमने दर घावाला स्पीड वाढलेला. व्हीजीसीत ते राहिलं आणि चाललं, कारण तिथे दोघं मिळून एकावर तुटून पडता येतं, प्रोटेक्ट ही बचावाची मूव्ह लावून फेऱ्या खाता येतात. फ्लटर मेनला ओयूमधून तडकाफडकी घालवलं. स्पेशल अटॅक आणि स्पीड दोन्ही 135, आणि घोस्ट अधिक फेअरी हे दोन्ही हल्ले सोसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. व्हीजीसीच्या डबल्समध्ये तोच सर्रास खेळला. याच्या उलट इन्सिनरोर: डबल्सचा अनभिषिक्त राजा, सिंगल्समध्ये खालच्या टियरमध्ये.

म्हणून फेस्टमध्ये स्पर्धा भरवणाऱ्यांनी स्वतःची यादी बनवायचा मोह आवरावा. सोळा जणांच्या स्पर्धेत तीन संयोजकांनी रात्री बसून केलेली यादी म्हणजे त्या तिघांच्या पराभवांची यादी असते. शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर खेळवणार असाल तर फॉरमॅट निवडला की टीम आपोआप तपासली जाते. स्पर्धेच्या आठवडाभर आधी तारीख घालून 'या दिवशीची यादी लागू' असं लिहा, म्हणजे मध्येच यादी बदलली तरी टीम मोडायला नको. निन्टेंडो स्विचवर खेळवणार असाल तर लक्षात ठेवा, स्मोगॉनची यादी त्या यंत्राला माहीत नाही. टीमचा कागद आधी जमा करून हाताने तपासावा लागेल. स्लीप क्लॉजची, म्हणजे एका वेळी समोरच्याचा एकच पोकेमॉन झोपवण्याच्या नियमाची, तर गोष्टच वेगळी: दुसरा पोकेमॉन झोपवताना मूव्ह निष्फळ करणं ही शोडाउनमधली सोय आहे, खऱ्या गेममध्ये ती नाही. कुणी चुकून दुसऱ्याला झोपवलं तर सामना द्यायचा की फेरी परत खेळायची, यावर पंचांचे हात वर होतात. नवव्या पिढीच्या ओयूने 2024 मध्ये झोपवणाऱ्या मूव्हच बाहेर काढल्या. स्विचवरच्या स्पर्धेला तेच सोयीचं आहे. सामने तीनपैकी दोनचे ठेवा, कारण एका सामन्यात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. आणि कुणी नवी बंदी मागायला आला तर त्याच्याकडून पराभवाचं वर्णन ऐकण्याआधी सामन्याचा रिप्ले मागा, आणि विचारा: कुठल्या फेरीला तुला वेगळं काही करता आलं असतं? त्याला दोन फेऱ्या दाखवता आल्या तर बंदीचा विषय तिथेच थांबवा. एकही दाखवता आली नाही, आणि बाकीच्यांनी तोच रिप्ले पाहून त्यांनाही ती सापडली नाही, तर पुढच्या स्पर्धेच्या कागदावर त्या गोष्टीचं नाव कारणासकट लिहा.